गुरांच्या मांडवात

अमेरिकेतल्या मुलाकडे राहून आलेल्या माणसाने नायगाऱ्याचे वर्णन करावे, असा आपल्याकडे प्रघात पडला आहे. मी मात्र वाचकांना गुरांच्या मांडवात नेणार आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या राली शहरी, सरकारी जत्रेच्या पटांगणात तो १९५२ पासून उभा आहे. जत्रेत आलेल्या जनावरांचे परीक्षण करायला छप्पर हवे, एवढीच मूळ मागणी. आज त्याला डॉर्टन अरीना म्हणतात.

वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत त्याचे चित्र हमखास असते आणि ते हमखास बाहेरून काढलेले असते. काँक्रीटच्या दोन प्रचंड कमानी जमिनीपाशी एकमेकींना छेदून विरुद्ध दिशांना कलंडलेल्या. त्यांच्यामध्ये पोलादी दोरांचे जाळे ताणलेले, तेच छप्पर. रस्सीखेचीत दोन्ही पक्ष सारखेच बळकट असले म्हणजे दोर जसा हवेत थरथरत उभा राहतो, तसा हा प्रकार. आत एकही खांब नाही. पंडित लोक या खोगिरासारख्या छपरावर खूश आहेत. पण इमारत ही काही तसबीर नव्हे. तिची परीक्षा शेवटच्या रांगेत बसून करावी, या मताचा मी आहे.

म्हणून ऑक्टोबरातल्या जत्रेत तिकीट काढून थेट वर जाऊन बसलो. खाली लोकनृत्याची स्पर्धा चालली होती. आठ-दहा वर्षांच्या मुली बुटांच्या टाचा खाडखाड वाजवीत होत्या. आपल्या नाट्यगृहांत मागच्या प्रेक्षकाच्या डोक्याला छत टेकू पाहते. येथे कमानी बाहेरच्या अंगाला उंच होत जातात, त्यामुळे खुर्च्या जसजशा मागे चढतात तसतसे छप्परही चढते. सर्वांत स्वस्त जागेवरच्या माणसाच्या वाट्याला सर्वांत मोकळे आभाळ! भोवतालच्या काचांतून संध्याकाळचे ऊन थेट नाचणाऱ्या पायांपर्यंत येत होते. शेजारचे आजोबा नातीकडे बोट दाखवून मला काहीबाही सांगत होते. याच जागी १९९१ ते १९९८ राली आइसकॅप्स नावाचा दुय्यम साखळीतला संघ बर्फावर हॉकी खेळला. सर्कशी झाल्या, गाण्याचे जलसे झाले, चाकांचे बूट घालून एकमेकींना धक्के देणाऱ्या बायकांचे सामने झाले. मोठ्या नामांकित संघांना मोठी मैदाने आहेतच. गावच्या संघाला आणि गावच्या पोरींना असे छप्पर कोण देतो?

ते दिले मॅथ्यू नोव्हित्स्की या पोलिश वास्तुतज्ज्ञाने, आणि त्याचा धागा आपल्यापर्यंत येतो. चंडीगडचा आराखडा प्रथम अल्बर्ट मेयर यांच्याबरोबर तोच करीत होता. त्या कामाहून परतताना, ३१ ऑगस्ट १९५० रोजी, मुंबईहून निघालेले त्याचे विमान कैरोजवळ कोसळले. वय अवघे चाळीस. हा मांडव उभा राहिलेला त्याने पाहिला नाही. तो विल्यम डीट्रिक आणि अभियंता सेव्हरूड यांनी पुरा केला. चंडीगड पुढे ल कॉर्बुझिएकडे गेले.

तो जगला असता तर, हा प्रश्न मला एरवी पोरकट वाटतो. पण चंडीगडच्या कचेऱ्यांपुढचे ते विस्तीर्ण, रणरणते पटांगण मी पाहिले आहे. शिल्प भव्य खरे; माणूस मात्र तेथे परवानगी काढून आल्यासारखा वावरतो. गुरांचा मांडव आणि राजधानी यांची तुलना अन्यायाची आहे, हे कबूल. तरीही रालीच्या त्या बाकावर ती माझ्या मनातून जाईना.

दोष नाही असे नाही. आवाज येथे भलताच घुमतो. विजेत्या मुलीचे नाव पुकारले तेव्हा ते कोणालाच नीट कळले नाही, दोघी-तिघी उठून उभ्या राहिल्या, पुन्हा खाली बसल्या, आणि आजोबा मला विचारू लागले, "कोणाचे नाव घेतले हो?"