सूचौ येथील कन्फ्यूशियसाचें मंदिर व पिंगच्यांगचा शिलानकाशा

चीन देशांतील सूचौ नगराच्या दक्षिण भागांत कन्फ्यूशियसाचें प्राचीन मंदिर आहे. इ. स. १०३५ मध्यें फान चुंग्येन या विद्वान मुत्सद्द्यानें येथें पूर्वेस मंदिर व पश्चिमेस पाठशाळा अशी जोडरचना केली. १९८५ पासून या वास्तूंत शिलालेखांचें संग्रहालय आहे. विद्यास्थानाचें संग्रहालय व्हावें हें आम्हांस योग्यच वाटतें. मात्र देवळांतील शिळेस आपण नमस्कार करतों, तर संग्रहालयांतील शिळेची साक्ष तपासावी लागते.

येथील चार सुंगकालीन शिळा विख्यात आहेत. खगोल, भूगोल व राजवंशावळी यांचे तीन पट ह्वांग शांग यानें राजपुत्राच्या शिक्षणार्थ सिद्ध केले व ते वांग चीयुआन यानें १२४७ मध्यें दगडावर कोरविले. चौथा पट पिंगच्यांगचा, म्हणजे खुद्द सूचौ नगराचा, नकाशा असून तो १२२९ चा आहे. ११३० मध्यें किन सैन्यानें जाळलेलें नगर पुन्हां कसें वसलें, हें त्यांतील तट, कालवे, ३०० हून अधिक पूल आणि कचेऱ्या यांवरून दिसतें. ज्या पाठशाळेंत ही शिळा आहे, ती पाठशाळाही तींत दाखविली आहे.

परंतु झिजलेल्या रेषा १९१७ मध्यें ये देहुइ प्रभृतींनीं पुन्हां खोल कोरविल्या, ही गोष्ट संशोधकानें क्षणभरही विसरूं नये. हेतु रक्षणाचा होता व त्यायोगें नकाशा सुवाच्य झाला, हें आम्ही मान्य करतों. तथापि छिन्नी जेथें जुन्या खांचेंतून चालली तेथें साक्ष १२२९ ची. जेथें खांच बुजली होती तेथें ती कोरणाराच्या तर्काची. दोन्हींतील भेद आज नुसत्या डोळ्यांस कळणें कठीण. कालव्याचा मार्ग प्रत्यक्ष भूमीवरून पडताळतां येतो. लहान अक्षरांस व इमारतींच्या बारीक रेषांस तो आधार नाहीं. तेथें १९१७ पूर्वीचा कागदी ठसा हाच श्रेष्ठ पुरावा होय. सामान्यतः मूळ थोर व नकल गौण; येथें क्रम उलटला आहे. आमच्याकडे शिलालेखांच्या अक्षरांत तैलरंग भरणाऱ्या उत्साही मंडळींनीं यापासून बोध घ्यावा.

मिंग व छिंग काळांतील व्यापारउदिमाचे लेख मात्र प्रेक्षकांकडून उपेक्षिले जातात. विणकरांनीं एकजुटीनें काम बंद पाडूं नये, अशी १७३४ ची सरकारी ताकीद त्यांपैकींच एका शिळेवर आहे. महजर व कौलनामे चाळणाऱ्या वाचकांस अशा लेखांचें मोल सांगणें नको. ताकीद दिली जाते ती घडत असलेल्या गोष्टीचीच. म्हणून मालकांच्या बाजूनें कोरलेली ही शिळा नकळत मजुरांचाही इतिहास सांगते. आमच्या मतें नगराच्या इतिहासास ती नकाशाइतकीच उपकारक आहे.

संग्राहकांस एवढेंच सुचवितों कीं, जुना ठसा हातीं आल्यास तो केव्हां घेतला याचा शोध प्रथम करावा, आणि मूळ दगड उपलब्ध आहे म्हणून तो ठसा कदापि टाकून देऊं नये.