रागावर मंत्र : ध्वनीचा प्रभाव की श्वासाचा?

शिक्षकांच्या शिबिरांत आणि पुस्तिकांत एक विधान आम्हाला वारंवार भेटते : मंत्राच्या ध्वनिलहरींमुळे मेंदूतील रागाचे केंद्र शांत होते. विधान विज्ञानाच्या भाषेत केलेले आहे. तेव्हा ते विज्ञानाच्या कसोटीवर तपासायला हवे.

राग आला की हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, श्वास उथळ व जलद होतो. ठोके आपण हुकमाने कमी करू शकत नाही. श्वास मात्र करू शकतो. इटलीत लुचियानो बेर्नार्दी व सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींना ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र म्हणायला लावला, तसाच कॅथलिकांचा लॅटिन जपही. २००१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक सक्षम झाली. धर्म वेगळा, अक्षरे वेगळी, परिणाम एकच. मग श्रेय विशिष्ट ध्वनीचे कसे? ते संथ झालेल्या श्वासाचे मानणे अधिक सयुक्तिक. अर्थात, या प्रयोगात राग मोजलेला नव्हता, हेही लक्षात ठेवू.

रागाबद्दलचा पुरावा दुसरीकडे आहे. क्यार्विक आणि बुशमन यांनी २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र तपासले. संथ श्वसन, ध्यान अशा शरीराची उत्तेजना उतरवणाऱ्या उपायांनी राग कमी झालेला दिसला. धावण्यासारख्या उत्तेजना वाढवणाऱ्या उपायांनी नाही. ‘राग बाहेर काढा, मोकळे व्हा’ हा लोकप्रिय सल्ला इथे लंगडा पडतो.

म्हणून शाळेत सरसकट ध्यानाचा तास सुरू करावा काय? ब्रिटनमधील ऐंशीहून अधिक शाळांतल्या ११ ते १३ वयाच्या ८,०००हून अधिक मुलांवर असा प्रयोग झाला. २०२२ साली हाती आलेला निष्कर्ष : मुलांचे मानसिक आरोग्य नेहमीच्या शिकवण्यापेक्षा अधिक सुधारले नाही.

आमचा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. साठ मुलांचा वर्ग, उपाशी आलेला मुलगा, अपुरी राहिलेली माहितीपत्रके यांतून राग येतो. जप ही कारणे दूर करत नाही. तो हात उचलण्यापूर्वी चार क्षण मिळवून देतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला मनाई केली आहे. ती मनाई पाळली जाते की नाही, हे त्या चार क्षणांत ठरते. त्यांचे मोल कमी नाही, पण त्यासाठी ध्वनिलहरींची दंतकथा नको.

शंका असेल तर शिक्षकखोलीत करून पाहा. दोन मिनिटे मंत्र संथपणे म्हणा, नाडी मोजा. थोड्या विश्रांतीनंतर त्याच लयीत बेचा पाढा म्हणा, पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी क्रम बदला. आकडे काय सांगतात, ते आम्हाला जरूर कळवा.