राजभोग आणि भूक : रानमांसाची दोन वर्णने

कल्याणीचा चालुक्यनृपती सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ (शके 1051, इ. स. 1129) मराठी अभ्यासकांना परिचित आहे तो मुख्यतः त्याच्या गीतविनोदात आढळणाऱ्या प्राचीन मराठीच्या खुणांमुळे. त्याच ग्रंथातील अन्नभोगाचे प्रकरण वाङ्मयीन दृष्टीनेही विचारार्ह आहे.

या प्रकरणात डुकराच्या आणि कासवाच्या मांसाबरोबरच नदीकाठच्या शेतांतील काळ्या, बळकट उंदरांची पाककृती येते. ‘मैग’ असे त्यांचे नाव. शेपटीला धरून केस निघेपर्यंत ते तापलेल्या तेलात धरावेत, ऊन पाण्याने धुवावेत, पोट चिरून आंबट व मीठ घालून शिजवावेत. किंवा लोखंडी सळईवर निखाऱ्यांत भाजावेत. वर्णनात किळस नाही, समर्थनही नाही. निरीक्षणाचा हा निर्विकार नेमकेपणा हेच या गद्यप्राय पद्याचे सामर्थ्य होय.

मात्र या नेमकेपणाला एक मर्यादा आहे. ग्रंथाच्या रचनेत मृगया चौथ्या विंशतीतील विनोदांत मोडते, भोजन तिसऱ्या विंशतीतील उपभोगांत. बीळ उकरून उंदीर धरणारा माणूस पाककृतीत कोठेच नाही. विध्यर्थी क्रियापदांना कर्ता लागत नाही. राजाच्या ताटाला तो दिसत नाही.

हा हरवलेला कर्ता मराठीत सुमारे साडेआठशे वर्षांनी स्वतः बोलू लागला. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (1987, साहित्य अकादेमी पुरस्कार 1988) उंदराचे मांस येते ते पोट भरण्याची निकड म्हणून. 1871 च्या कायद्याने गुन्हेगार ठरविलेल्या आणि तो कायदा 1952 मध्ये रद्द झाल्यावरही संशयमुक्त न झालेल्या जमातींचे हे जीवन आहे. येथे कृतीपेक्षा कर्ता महत्त्वाचा ठरतो, चवीपेक्षा वाटा.

प्राणी एकच, आगही एकच. तरी पहिले वर्णन ‘सांस्कृतिक समृद्धी’ म्हणून वाचले जाते आणि दुसरे ‘दाहक वास्तव’ म्हणून. किळस मांसात नसून वाचकाच्या सामाजिक स्थानात असते, हे या दोन ग्रंथांच्या शेजारवाचनाने स्पष्ट होते. ‘उचल्या’कडे केवळ करुणेने पाहणारी समीक्षाही त्यामुळे अपुरी ठरते, जी अन्नकृती राजाच्या ग्रंथात ज्ञान ठरली, ती भटक्याच्या हातातही ज्ञानच होती.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मृगयेचे युग संपविले. कर्नाटकातच, आनेकलला लागून असलेले बन्नेरघट्ट्याचे अरण्य 1974 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. रानडुकरासारख्या शिकारीच्या राजकृती आता वाचण्यापुरत्याच उरल्या आहेत. म्हणूनच त्या वाचताना ताटासोबत ते भरणारा हातही पाहणे, ही समीक्षेची जबाबदारी ठरते.