रस्ता, स्प्रिंग आणि प्रवासी : सिंधुदुर्गच्या संदर्भात वाहन-अनुकूलनाची चिकित्सा

प्रस्तावना :
परदेशी आराखड्याचे वाहन भारतात आणताना ते ‘येथील रस्त्यांस अनुरूप’ केल्याचा दावा केला जातो. या दाव्यात बहुधा दोन गोष्टी अभिप्रेत असतात : स्प्रिंग अधिक ताठ करणे आणि गाडी जमिनीपासून उंच ठेवणे. त्यामुळे मोडतोड कमी होते, हे मान्य करावे लागेल. परंतु मोडतोड टळली म्हणजे अनुकूलन साधले काय, या प्रश्नाचा विचार मालवण किनाऱ्याच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका :
वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० ही इटालियन आराखड्याची मोटार तयार होऊ लागली. तीच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. तिच्या पुढील चाकांना गुंडाळीची स्प्रिंग, तर मागील धुऱ्यास पाटे होते. पाट्यांच्या रचनेत तुटलेला एकच पाटा बदलता येतो, बसलेल्या पाट्यास पुन्हा कमान देता येते आणि वजन वाढल्यास एखादा पाटा वाढवताही येतो. लहान गावातील कारागिराच्या आवाक्यातील ही दुरुस्ती म्हणजे अनुकूलनाचेच एक रूप होय. मात्र त्याच्या मर्यादा दुर्लक्षून चालणार नाही.

तांत्रिक विवेचन :
समान जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातल्यास ताठपणा सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. गुंडाळीच्या सहा कार्यक्षम वेढ्यांपैकी एक रबरी ठोकळा घालून अडवल्यास परिणाम जवळपास तोच होतो. तारेचा व्यास केवळ १० टक्क्यांनी वाढवला, तर ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. कारण तो व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात बदलतो. स्प्रिंग बदलूनही शॉक ॲब्सॉर्बर जुनाच ठेवल्यास वाढलेल्या उसळीच्या मानाने तो अपुरा पडतो. चाक रस्त्यावरून अधिक उचलले जाते व ओल्या वळणावर पकड घटते. गाडी उंच झाल्याने गुरुत्वमध्यही वर सरकतो. आंबोली किंवा फोंडा घाटात ही बाब गौण मानता येत नाही.

स्थानिक परिस्थिती :
‘भारतीय रस्ता’ ही संकल्पना मुळातच सरासरीवर आधारलेली आहे. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आतील वाड्यांकडे जाणाऱ्या जांभ्याच्या वाटा पावसात धुपतात, तर किनाऱ्यावरील खारी हवा पोलाद गंजवते. गंजाच्या सूक्ष्म खळग्यातून तडा सुरू होतो आणि वारंवार पडणाऱ्या ताणामुळे तो वाढत जातो. ज्या स्प्रिंगचा रंगलेप खडीच्या माऱ्याने उडाला आहे, ती कितीही ताठ असली तरी येथे अल्पायुषी ठरते. म्हणजेच येथे ताठपणाइतकेच पृष्ठभागाच्या संरक्षणाला महत्त्व आहे. सरासरी रस्त्याचा विचार करणाऱ्या अनुकूलनात नेमकी हीच बाब निसटते.

मूल्यमापनाचा प्रश्न :
रस्त्याचा धक्का नाहीसा होत नाही. तो कोणीतरी सोसतो. स्प्रिंगने सोसला नाही तर तो सांगाड्याकडे आणि प्रवाशाकडे जातो. मोटारीची स्प्रिंग साधारणतः सेकंदाला एक ते दीड आंदोलने घेते, तर मानवी शरीर चार ते आठ आंदोलनांच्या उभ्या कंपनास सर्वाधिक संवेदनशील असते. ताठ पाट्यांचे, कमी वजनाने धावणारे वाहन या पट्ट्याकडे सरकते. मालवाहू सांगाड्यावर बेतलेल्या रुग्णवाहिकेत एकच रुग्ण असतो. पाटे मात्र कित्येक पट भारासाठी घडवलेले असतात. उपचारांसाठी जिल्ह्यातून गोव्यातील बांबोळीपर्यंत जाणाऱ्या अस्थिभंगाच्या रुग्णास किंवा गरोदर स्त्रीस या ‘मजबुती’चा अर्थ निराळाच जाणवतो.

निष्कर्ष :
स्प्रिंग टिकली की अनुकूलन यशस्वी झाले, ही कसोटी वाहनाच्या बाजूची आहे. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेमुळे चाचणीची परंपरा महाराष्ट्रात रुजलेली आहे. तिला खारी हवा, जांभ्याची वाट आणि स्ट्रेचरवरील माणूस या तिन्हींचा एकत्रित निकष जोडला गेला पाहिजे. तसेच ताठ स्प्रिंग हा नादुरुस्त रस्त्याला पर्याय मानला जाऊ नये. तसे मानल्यास रस्त्याची जबाबदारी नकळत प्रवाशाच्या पाठीवर टाकली जाते.