कात्री ताईंच्या हातात

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी हस्तकलेच्या पुस्तिका दरवर्षी निघतात, आणि बालवाडीच्या ताई त्या आवर्जून घेतात. त्यांतले बहुतेक नमुने आम्हाला पटत नाहीत. सूर्य, आंबा, फुलपाखरू यांचे आकार ताईंनी आधी कापून ठेवायचे आणि मुलांनी नुसते चिकटवायचे! पंचवीस मुलांचे पंचवीस आंबे एकसारखे. पालक खूश होतात. पण साडेतीन वर्षांच्या मुलाने त्यात केले काय?

त्यापेक्षा जुने वर्तमानपत्र फाडायला द्या. एका दिशेने पट्ट्या सरळ निघतात, दुसऱ्या दिशेने वेड्यावाकड्या. कारखान्यात कागद तयार होताना लगद्यातले बरेचसे तंतू यंत्राच्या ओढीच्या दिशेने लागतात, म्हणून असे होते. मुलांना तंतूंबद्दल सांगायची गरज नाही. 'इकडून नीट फाटतंय' हे बोटांनाच कळते, शिवाय चिमटीला बळ येते. त्या पट्ट्यांचे गवत करायचे की सिंहाची आयाळ, ते मुले ठरवतील.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा शिंपले, पाने, बिया हीच साधने होती. पुस्तिकांत मात्र चमकी आणि फोमचे तयार तुकडे. चिंचोके, मणी सुचवले असतील तर तीन वर्षांखालची मुले ते नाकातोंडात घालतात, ही सूचना ठळक हवी. ती क्वचितच दिसते.

भिरभिरे तेवढे राहू द्यावे. घड्या ताईंनी घातल्या तरी ते घेऊन पळायचे मुलालाच असते.