स्वास्थ्याची जबाबदारी कोणाची? : अल्पवेतन कर्मचाऱ्यांसाठीच्या ‘वेलनेस’ कार्यक्रमांची चिकित्सा

अमेरिकेत नोकरदाराच्या आरोग्यविम्याचा मोठा भार बहुतेक वेळा त्याचा मालक उचलतो. त्यामुळे कामगाराचा रक्तदाब वाढला की त्याची नोंद आज ना उद्या मालकाच्या जमाखर्चातही होते. तेथील ‘वेलनेस’ कार्यक्रमांचा उगम समजून घेताना ही व्यवस्था प्रथम ध्यानात घ्यावी लागते. आहारविषयक पाठ, वजनाची मोजदाद, तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन, पावले मोजणारी यंत्रे आणि भाग घेणाऱ्यास बक्षीस वा न घेणाऱ्यास भुर्दंड, असे या कार्यक्रमांचे सर्वसाधारण स्वरूप असते. कॅथरिन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग या अभ्यासकांनी २०१० साली तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. कार्यक्रमावर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे उपचारखर्चात सुमारे ३.२७ डॉलर आणि गैरहजेरीच्या खर्चात सुमारे २.७३ डॉलर वाचतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षीच्या आरोग्यविमा सुधारणा कायद्याने अशा कार्यक्रमांशी निगडित बक्षीस वा भुर्दंडाची मर्यादा विम्याच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत, तर तंबाखूच्या बाबतीत ५० टक्क्यांपर्यंत नेली.

या आकड्यांच्या मुळाशी एक जुनी अडचण होती. पूर्वीच्या अनेक अभ्यासांत स्वेच्छेने सहभागी झालेल्यांची तुलना न झालेल्यांशी केलेली होती. जो मुळातच पहाटे फिरायला जातो, तोच आरोग्याच्या वर्गात नाव नोंदवण्याची शक्यता अधिक. मग त्याच्या प्रकृतीचे श्रेय वर्गाला कसे द्यावे? इलिनॉय विद्यापीठातील सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांवर २०१६ पासून झालेल्या प्रयोगात सहभागाची संधी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, वाटण्यात आली. संधी मिळालेल्यांपैकी ज्यांनी ती घेतली, त्यांचा वैद्यकीय खर्च आधीपासूनच कमी होता, आणि कार्यक्रमामुळे त्यात लक्षणीय फरक पडला नाही.

मात्र विद्यापीठाचा कर्मचारीवर्ग हा अल्पवेतन कामगारांचा नमुना नव्हे. त्या दृष्टीने साँग आणि बेकर यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिक महत्त्वाचा ठरतो. बीजे’ज होलसेल क्लब या घाऊक विक्रीच्या साखळीतील १६० दुकाने आणि तेथील सुमारे ३३,००० कर्मचारी त्यात होते. माल उतरवणारे, फळ्यांवर रचणारे, गल्ल्यावर उभे राहणारे असे हे मनुष्यबळ, आणि त्यातील पुष्कळांचे उत्पन्न बेताचे. यादृच्छिक निवडीने २० दुकानांत आहारतज्ज्ञांमार्फत आठ पाठमाला चालवण्यात आल्या. पोषण, व्यायाम, ताणाचे नियोजन असे त्यांचे विषय होते, आणि पाठ पूर्ण करणाऱ्यास छोटी भेटकार्डे मिळत. दीड वर्षानंतर नियमित व्यायाम करतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण या दुकानांत ६९.८ टक्के, तर इतर दुकानांत ६१.९ टक्के आढळले. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी प्रयत्न करतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ६९.२ व ५४.७ टक्के होते. परंतु रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन-उंचीचे गुणोत्तर, उपचारखर्च, गैरहजेरी आणि कामाची गुणवत्ता यांपैकी कशातही लक्षणीय फरक दिसला नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तीन वर्षांपर्यंतच्या पाठपुराव्यातही चित्र फारसे बदलले नाही. २०१० च्या आशादायक निष्कर्षाला धक्का देणाऱ्या या प्रयोगामागे त्याच आढाव्याचे दोन लेखक असावेत, ही बाब संशोधनातील प्रामाणिकपणाची साक्ष म्हणून नोंदवावी लागेल.

या निष्कर्षाचे दोन अर्थ लावले जातात. कार्यक्रम फसवे आहेत, हा पहिला. कामगार पाठ ऐकतो, ‘हो, करतो’ म्हणतो, प्रत्यक्षात काही करत नाही, हा दुसरा. दुसरा अर्थ सभ्य भाषेत मांडला जात असला तरी त्यात कामगाराच्या आळसाची जुनीच कुजबुज आहे. वस्तुतः दोन्ही अर्थ एकच गोष्ट गृहीत धरतात : आरोग्य म्हणजे कामगाराची वर्तणूक. प्रयोगात ताणावर पाठ दिला गेला. परंतु पाळ्यांची रचना, वेतन, उभे राहण्याचे तास यांना कार्यक्रमाने हात लावलेला नव्हता. म्हणून या गोष्टींचा प्रकृतीशी काय संबंध आहे, याविषयी हा प्रयोग काहीच सांगू शकत नाही. ‘वेलनेस फसले, तेव्हा वेतनवाढच खरे औषध’ असे त्यावरून सिद्ध झाल्याचे कोणी म्हणेल, तर तेही पुराव्यापलीकडचे विधान ठरेल. प्रयोगाला जो प्रश्न विचारला, त्याचेच उत्तर मिळाले. आक्षेप आहे तो प्रश्नाच्या निवडीवर.

पुरावा अन्यत्र उपलब्ध होता. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ब्रिटिश सनदी नोकरांवरील ‘व्हाइटहॉल’ अभ्यास सर्वश्रुत आहेत. १९६७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या अभ्यासात सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचा हृदयविकाराने होणारा मृत्युदर वरिष्ठांच्या सुमारे तिप्पट आढळला, आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल इत्यादी घटकांनी त्या तफावतीचा काही अंशच उलगडा झाला. १९८५ पासूनच्या दुसऱ्या अभ्यासाने स्वतःच्या कामावर स्वतःचा ताबा किती, या प्रश्नाकडे लक्ष वेधले. हे निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यांनाही मर्यादा आहेत. तथापि दुकानी कामगारांवर प्रत्यक्ष प्रयोगही झालेला आहे. २०१५-१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को व शिकागो परिसरातील गॅप कंपनीच्या २८ दुकानांपैकी काहींत पाळ्या अधिक स्थिर आणि आधीच कळणाऱ्या करण्यात आल्या. कर्मचाऱ्यांच्या झोपेत सुधारणा झाली, आणि विक्रीही सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. येथे झोपेवर कोणी व्याख्यान दिले नव्हते. उद्या कामावर किती वाजता यायचे, एवढेच वेळेवर कळू लागले होते.

बक्षिसाची दुसरी बाजू अधिक कठोर आहे. जिल होर्विट्झ आणि त्यांच्या सहलेखकांनी २०१३ सालीच असे प्रतिपादन केले की, मालकाची बचत होतच असेल तर ती आजारी कर्मचाऱ्यांवर खर्च ढकलल्याने होत असावी, आणि अल्प उत्पन्न गटात आजाराचे प्रमाण जास्त असल्याने हा भार तेथेच अधिक पडेल. वेस्ट व्हर्जिनियातील २०१८ च्या शिक्षकांच्या संपाकडे या संदर्भात पाहता येते. त्यात शालेय बसचालक व स्वयंपाकीही होते. संपाचे मुख्य कारण तुटपुंजे वेतन आणि महागणारा विमा हे होते. पण ‘गो३६५’ नावाच्या स्वास्थ्ययोजनेने संताप वाढवला : मोबाइलवर हालचालींची नोंद देऊन गुण मिळवा, अन्यथा महिना २५ डॉलर जादा भरा. ती योजना मागे घ्यावी लागली. पावले मोजण्यात अपमान तो कसला, असा प्रश्न सुस्थितीतील वाचकास पडेलही. दिवसभर पायांवर उभे राहणाऱ्याला तो पडणार नाही.

मराठीत या विषयासाठी एक जुना शब्द रुळलेला आहे, ‘कामगार कल्याण’. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, थुंकदाण्या, उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय, २५० हून अधिक कामगार असल्यास उपाहारगृह अशा तरतुदी होत्या. यादी नीरस खरी, पण तिच्यातील प्रत्येक वाक्याचा कर्ता मालक आहे. ‘वेलनेस’च्या पत्रकांत कर्ता बदलतो : आपण पाणी भरपूर प्या, आपण दर तासाला थोडे चाला, आपण ताण घेऊ नका. व्याकरणातील हा बदल किरकोळ नव्हे. कल्याणाच्या तरतुदी कागदावरच राहिल्याची उदाहरणे महाराष्ट्रात हवी तेवढी सापडतील. तरीही उपाहारगृह नसेल तर कारखाना-निरीक्षकाकडे तक्रार करता येई. कामगाराने पावले कमी टाकली, तर तक्रार कोणाची आणि कोणाविरुद्ध?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने १९४८ च्या अधिनियमाची जागा घेतली आहे. मालकाने ठरावीक वयाच्या कर्मचाऱ्यांची वार्षिक आरोग्यतपासणी विनामूल्य करून द्यावी, अशी तरतूद तीत आहे. ती स्वागतार्ह आहे, कारण तिचाही कर्ता मालकच आहे. परंतु तपासणीत रखवालदाराचा रक्तदाब वाढलेला आढळला, तर त्याला मिठाविषयीचे पत्रक द्यायचे की त्याची सलग बारा तासांची रात्रपाळी तपासायची, याचा निर्णय अहवालाच्या कागदावर होत नाही. केरळमध्ये कापडदुकानांतील विक्रेत्या स्त्रियांनी दीर्घकाळ लढा दिल्यानंतर २०१८ साली राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यांना कामाच्या वेळी बसण्याची सोय मिळाली. त्यांची मागणी आहारतज्ज्ञाची नव्हती, स्टुलाची होती.