उजवाच गाल का?

दुसरा गाल पुढे करण्याची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा गांधीजींच्या नावावर खपते, तीही टोमणा म्हणून. मूळ शिकवण येशूची, मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातली. तिचा अर्थ ‘निमूट मार खा’ असा नाहीच, असं ठासून मांडणारे अमेरिकन अभ्यासक म्हणजे वॉल्टर विंक. त्यांचा अर्थ आज इतका लोकप्रिय आहे की पुरावा कुणी विचारतच नाही. आपण विचारू.

विंक म्हणतात, मत्तय नेमका ‘उजवा’ गाल सांगतो. समोरच्याच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचं तर हात उलटाच पडणार. (करून बघा, पण हवेत!) उलट्या हाताची थप्पड ही मारामारी नव्हे, मालकाने गुलामाला, नवऱ्याने बायकोला पायरी दाखवणं. डावा गाल पुढे केला की तीच थप्पड पुन्हा देता येत नाही. याला आधार आहे. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू कायद्याच्या ग्रंथात साध्या थपडेची भरपाई 200 झूझ, उलट्या हाताच्या थपडेची 400. म्हणजे इजेपेक्षा अपमान महाग. अडचण एवढीच की हीच शिकवण देताना लूक ‘उजवा’ म्हणत नाही.

दुसऱ्या मैलाचं मात्र मला पटत नाही. विंक सांगतात, रोमन शिपायाला वेठीला धरलेल्या माणसाकडून एकच मैल ओझं वाहून घ्यायची मुभा होती; तो आपणहून दुसरा मैल चालू लागला की शिक्षेच्या भीतीने शिपाईच गयावया करणार. चित्र झकास आहे. पण असा एका मैलाचा कायदा सापडलेला नाही. आजच्या तुर्कस्तानातल्या सागालास्सोसचा, तिबेरियस बादशहाच्या काळातला शिलालेख वेठीवर मर्यादा घालतो खरा, पण त्यात हिशेब आहे गाड्यांचा, खेचरांचा आणि भाड्याचा. शिवाय मत्तय इथे जे ग्रीक क्रियापद वापरतो, तेच पुढे कुरेनेकर शिमोनाला क्रूस वाहायला लावतात तिथे येतं. तिथे कुणी शिपाई गयावया करत नाही.

मग विंकना हे का हवं होतं? या विषयावरचं त्यांचं 1987 चं पुस्तक वर्णभेदाशी झगडणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतल्या चर्चसाठी होतं. शरणागती नको आणि बंदूकही नको, असा मार्ग त्यांना शोधायचा होता. हेतू रास्तच. पण त्यामुळे पहिल्या शतकाच्या संदर्भात विसावं शतक मिसळलं गेलं.

तरी एक गोष्ट विंकशिवायही उरते. थप्पड, कोर्ट, वेठ: तिन्ही ठिकाणी येशू मार खाणाऱ्याशी बोलतोय, मारणाऱ्याशी नाही. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला हे वचन ऐकवणाऱ्या धर्मगुरूला एवढं वाचूनच अडवता येतं. त्यासाठी मैलाचा कायदा लागत नाही.

कोर्टातल्या कपड्यांबद्दल पुढच्या वेळी. मत्तयात आधी मागतात सदरा, लूकमध्ये आधी हिसकावतात झगा, आणि लूकमध्ये कोर्टाचं नावही नाही.